मासे ठणठणीत, गोगलगायी मरतायत: पुण्यातल्या एका नव्या खाऱ्या पाण्याच्या टँकचं प्रकरण

पिंपळे सौदागरमधला फ्लॅट, हॉलमध्ये दोन फुटी खाऱ्या पाण्याचा टँक, मालक माझा मेव्हणा आणि टँकची रोजची उस्तवार करणाऱ्या माझ्या सासूबाई. टँक लावून चार-पाच महिने झालेले, दोन क्लाउनफिश मजेत फिरतायत, टेस्ट किटचे सगळे आकडे हवे तसे, आणि तरी टँकमध्ये सोडलेली गोगलगाय आठवड्या-दोन आठवड्यांत उलटी पडून मरत होती आणि क्लीनर श्रिंप (एक छोटी कोळंबी) तर एका रात्रीत गेला. कारण शेवटी किचनमध्ये सापडलं. सविस्तर लिहितोय कारण या छंदाबद्दल जे काही बघायला मिळतं ते बहुतेक परदेशातलं असतं आणि आपल्याकडे किचनच्या भिंतीवर जो प्युरिफायर लटकलेला असतो त्याचा विषयच तिथे येत नाही. आपल्याकडे मात्र नवीन माणूस पहिलं पाणी तिथूनच घेतो.

आधी सेटअप सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

टँक तिथल्याच काचवाल्याकडून बनवून घेतलेला. २ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरला तर साधारण ७० लिटर. पण वरची दोन-तीन बोटं सोडायची, दगड आणि वाळू जागा खातात ती वजा करायची, मग हातात खरं पाणी उरतं ५५ लिटरच्या आसपास. हा ५५ चा आकडा लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे. टीव्हीच्या युनिटवर ठेवायचा विचार होता तो रद्द करायला लावला, कारण पाणी, दगड, वाळू आणि काच मिळून ८०-९० किलो सहज होतात आणि प्लायवूडच्या युनिटला हळूहळू बाक येतो, मग काचेच्या एका जोडावर ताण येऊन गळती सुरू होते. लोखंडी अँगलचा स्टँड करून घेतला, टँकखाली थर्माकोलची शीट, विषय संपला. मागे लटकवायचा हँग-ऑन फिल्टर, पाणी फिरतं ठेवणारा एक छोटा वेव्हमेकर, एलईडी लाइट, आणि पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींसाठी १०० वॅटचा हीटर. स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) घेतला नाही, एवढ्याशा टँकला दर आठवड्याला पाणी बदललं तर त्याच्याशिवाय चालतं.

दगडांचा विषय मात्र निघाला. मेव्हण्याची बायको मालवणची. तिचे वडील म्हणाले आम्ही येताना कॅनमध्ये समुद्राचं पाणी आणतो आणि किनाऱ्यावर ते पांढरे सच्छिद्र दगड पडलेले असतात ना, ते पण आणतो, विकत कशाला घेताय. माणूस प्रेमानेच म्हणत होता, पण त्या पांढऱ्या दगडांत प्रवाळाचे सांगाडे असतात आणि सगळे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मेलेला तुकडा उचलला तरी तो संरक्षित प्राण्याचाच भाग धरला जातो. त्यात मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तिथल्या प्रवाळावर पर्यटनाचा आणि गरम होत चाललेल्या पाण्याचा भार आधीच खूप आहे, आपल्या हॉलसाठी तिथून काही उचलावं असं मला मनापासून वाटत नाही. समुद्री घोडेही याच अनुसूचीत येतात, कुठल्या दुकानात दिसलेच तरी घेऊ नका.

पाण्याचंही तसंच. बोटीने आत जाऊन स्वच्छ पाणी आणणारे लोक आहेत, पण किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळ, बोटींचं डिझेल आणि पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी, त्यामुळे क्षारता प्रत्येक वेळी वेगळी. आणि मालवणहून पुण्याला दर आठवड्याला कॅन कोण आणणार. म्हणून सुका बेस रॉक (टँकसाठी विकत मिळणारे सच्छिद्र दगड) ८ किलो, अ‍ॅरागोनाइटची (चुनखडीसारख्या खनिजाची) वाळू ६ किलो आणि समुद्राचं पाणी बनवायचं पाकिटातलं सॉल्ट मिक्स. (बांधकामाची किंवा नदीची वाळू घालू नका, सिलिका असते आणि तपकिरी शेवाळाला ती आवडते.)

पहिलं पाणी मी माझ्याकडून दिलं, माझ्याकडे आरओ-डीआय युनिट आहे (आरओनंतर उरलेले क्षार डीआय रेझिन काढून टाकतं), त्याचं शून्य टीडीएसचं, म्हणजे काहीच विरघळलेलं नसलेलं पाणी कॅन भरून नेलं. ५५ लिटरला साधारण २ किलो मीठ लागलं. मीठ नेहमी पाण्यात घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर घट्ट झालेल्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं आणि पाणी दुधाळ होऊन राहतं. रात्रभर वेव्हमेकरने ढवळून सकाळी क्षारता मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ पीपीटी, म्हणजे हजारात ३५ भाग मीठ. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या स्टँडर्ड द्रावणाने कॅलिब्रेट केलेला, साध्या पाण्याने शून्य लावून भागत नाही कारण आपल्याला जिथे मोजायचंय तिथे तो बरोबर हवा.

मग सायकल, म्हणजे टँकमध्ये घाण पचवणारे बॅक्टेरिया तयार होऊ देणं. गोड्या पाण्याच्या टँकवाल्यांनाही हे माहीत असतं पण इथे घाई करून चालत नाही. माशाची शी आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया होतो, एका गटाचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात, आणि हे बॅक्टेरिया दगडाच्या भोकांत वस्ती करायला वेळ घेतात. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३, आणि पीएच जेवढा जास्त तेवढा अमोनियाचा विषारी भाग जास्त, म्हणून गोड्या पाण्यात मासा जेवढा अमोनिया सहन करतो तेवढा इथे सहन होत नाही. बाटलीतले बॅक्टेरिया घातले, अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमवर (लिटरला २ मिलिग्रॅम) नेला आणि एकही मासा न टाकता वाट पाहिली. महिन्याहून थोडं जास्त लागलं. घातलेला २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य आला तेव्हाच सायकल झाली म्हटलं, मोठा वॉटर चेंज करून नायट्रेट खाली आणला. दिवाळीनंतर सुरू केलेला टँक, संक्रांतीच्या सुमाराला त्यात दोन छोटी क्लाउनफिश आली, समुद्रातून पकडलेली नव्हे तर पैदास केलेली. क्लाउनफिशची पैदास आपल्याकडेही होते, अगदी ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातही त्याची हॅचरी उभी केलीय, तेव्हा समुद्रातून पकडलेला मासा घ्यायची काही गरज नाही. मेव्हण्याला निळा टँगही हवा होता. तो मोठा झाला की फूटभर होतो, ५५ लिटरमध्ये त्याला आयुष्यभर गोल गोल फिरवणं मला बघवलं नसतं, तसं सरळ सांगितलं आणि तोही समजला.

इथपर्यंत सगळं सुरळीत.

मग काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर यायला लागला. नवीन टँकमध्ये येतोच, डायटम म्हणतात, आपोआप कमी होतो. तो खायला म्हणून मेव्हण्याने पाच गोगलगायी आणल्या, तीन ट्रोकस, दोन नेराइट. पहिले दोन दिवस त्यांनी काच अशी साफ केली की त्यांच्या जाण्याच्या वाटा दिसत होत्या. तिसऱ्या दिवसापासून त्या खाली वाळूत बसून राहिल्या. मग एक उलटी. सरळ करून ठेवली की परत उलटी. पाय थोडा आत ओढलेला पण शंखाचं दार पूर्ण बंद नाही, पाय अर्धवट लटकलेला, आणि हात लावला तर आकसण्याचा वेग अगदी मंद. दोन आठवड्यांत पाचपैकी चार गेल्या. मेव्हण्याला वाटलं दुकानातूनच अशक्त आल्या असतील, दुसऱ्या दुकानातून परत चार आणल्या आणि सोबत एक क्लीनर श्रिंप. तो श्रिंप संध्याकाळी सोडला, सकाळी वाळूवर आडवा. मेव्हण्याचा मेसेज आला, "दाजी, मासे एकदम फिट आहेत आणि बाकी सगळं मरतंय, मी काय चुकतोय?"

मासे फिट आणि बाकी सगळं मरतंय, या एका वाक्यात निम्मं निदान होतं. पण लगेच उडी मारायची नसते म्हणून एकेक शक्यता खोडत गेलो, आणि ते कसं केलं तेच मला नवीन लोकांना सांगायचंय.

क्षारता आधी. गोगलगायी, श्रिंप, खेकडे यांच्या शरीरातलं पाणी बाहेरच्या पाण्याच्या क्षारतेसोबतच वरखाली होतं, म्हणून अचानक बदल त्यांना माशापेक्षा जास्त लागतो. दुकानाचं पाणी ३० पीपीटी आणि आपलं ३५ असेल तर पिशवीतून थेट टाकलेला श्रिंप एका रात्रीत जाऊ शकतो. मेव्हण्याने थेंब थेंब पाणी सोडून दीड-दोन तास घेतले होते आणि टँकची क्षारता मी जाऊन स्वतः मोजली, ३५. शिवाय क्षारतेचा धक्का एकदाच बसतो, दोन आठवडे रेंगाळून मरणाऱ्या गोगलगायींना तो लागू होत नाही. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १० च्या आसपास, पीएच ८.१, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवायची पाण्याची ताकद) ८ डीकेएच. तापमान २७, दुपारी २८. उपासमार म्हणावी तर काचेवर खायला भरपूर थर होता आणि तो न खाताच त्या बसून होत्या. घरात डासांची कॉइल किंवा पेस्ट कंट्रोल? किडे मारायची औषधं श्रिंपलाही मारतात, तो संशय मला बराच होता, पण पेस्ट कंट्रोल झालेलं नव्हतं आणि लिक्विड मशीन फक्त बेडरूममध्ये, दार बंद.

मग उरलं तांबं. मासे सहन करतात आणि पाठीचा कणा नसलेले प्राणी सहन करत नाहीत असं जे काही टँकमध्ये येऊ शकतं त्यात तांब्याचा नंबर पहिला. खाऱ्या पाण्यातल्या माशांना पांढरे ठिपके येतात तो परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, त्यावर तांब्याचंच औषध देतात, साध्या आयोनिक कॉपरची मात्रा साधारण ०.१५ ते ०.२ पीपीएम आणि मासे तेवढ्यात आठवडेच्या आठवडे राहतात. त्याच पाण्यात गोगलगाय टिकत नाही, त्याच्या कितीतरी खालच्या पातळीवरच ती खाणं सोडते. खुल्या समुद्रात तांबं इतकं कमी असतं की लिटरमागे एक मायक्रोग्रॅमसुद्धा भरत नाही. यातली एक गोष्ट मला कायम थक्क करते, या गोगलगायींच्या आणि श्रिंपच्या रक्तात ऑक्सिजन वाहून न्यायचं काम तांबंच करतं, आपल्याकडे जे लोखंड करतं ते, म्हणून त्यांचं रक्त निळसर. लागणारं तांबं ते चिमूटभर खाण्यातून मिळवतात, पाण्यात मोकळं फिरणारं तांबं कल्ल्यांवर बसलं की क्षारांचा तोल जातो आणि प्राणी हळूहळू संपतो.

पण तांबं आलं कुठून? पहिला संशय दुकानावर. बरीच दुकानं माशांच्या टाक्यांत कायम थोडं कॉपर चालू ठेवतात म्हणजे आजार पसरत नाहीत, आणि ते पाणी माशासोबत आपल्या टँकमध्ये आलं तर आलं. मेव्हण्याने मासे जाळीने उचलून सोडले होते, पिशवीचं पाणी बेसिनमध्ये. आणि एक-दोन ग्लास पाणी ५५ लिटरमध्ये गेलं असतं तरी पातळी फार पातळ झाली असती. दगड नवे, सुके, कोणाच्या औषध मारलेल्या टँकमधले नाहीत. वेव्हमेकर उघडून पाहिला, लोहचुंबकावरचं कव्हर फुटलं की आतला धातू गंजतो, तोही ठीक.

रविवारी दुपारी तिथेच जेवायला होतो. जेवणं झाली, सासूबाई उठल्या आणि नेहमीसारखा टँकचा टॉप-अप करायला जग भरून आणला. टँकच्या काचेवर मेव्हण्याने मार्करने रेघ मारून ठेवलेली, पाणी रेघेखाली गेलं की रेघेपर्यंत भरायचं, हे त्या न चुकता करायच्या. मी विचारलं, "आई, हे पाणी कुठलं?" म्हणाल्या, "आरओचंच आहे हो. आणि आपल्या फिल्टरमध्ये तांबं पण येतं, चांगलं असतं ते."

उठून किचनमध्ये गेलो. भिंतीवरचा प्युरिफायर, पुढच्या पारदर्शक कव्हरमधून आतली तांबूस रंगाची कार्ट्रिज दिसते, खाली छोटा दिवा, त्याच्या बाजूला कॉपर लिहिलेलं. चार महिन्यांपूर्वी जुना बदलून हा घेतला होता.

आता हे नीट समजून घ्या कारण बहुतेक घरांत आज असंच मशीन आहे. किचनच्या आरओमध्ये गाळ अडवणारा फिल्टर, कार्बन आणि मेंब्रेन हे तिन्ही असतात, आणि मेंब्रेनपर्यंत सगळं आपल्या कामाचंच असतं. पण मेंब्रेनमधून आलेलं पाणी माणसाला बेचव लागतं म्हणून पुढे त्यात परत काहीतरी घालतात. एक टीडीएसचा स्क्रू असतो, तो थोडं न गाळलेलं पाणी मिसळतो. मग मिनरलची कार्ट्रिज. आणि आता तांब्याची. माणसाच्या दृष्टीने यात काही वावगं नाही, पिण्याच्या पाण्याच्या आपल्या भारतीय मानकात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं असं दिलंय, जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा २ आहे. आजीच्या वेळेपासून आपण रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून सकाळी पितोच. सासूबाईंनी घरातलं सगळ्यात चांगलं पाणी माशांना दिलं होतं.

आता ५५ लिटरचा हिशोब. आमटी आटली की खारट होते कारण वाफ फक्त पाण्याची होते, मीठ मागे राहतं. टँकमध्येही तेच, रोज दीड लिटर पाणी उडतं, म्हणून टॉप-अप गोड्या पाण्याने करायचा, खाऱ्या नाही. पण टॉप-अपच्या पाण्यात जे विरघळलेलं असतं ते सगळं मागे राहतं. समजा त्या पाण्यात लिटरला ०.३ मिलिग्रॅम तांबं आहे, म्हणजे माणसासाठी अगदी किरकोळ. रोज दीड लिटर म्हणजे रोज ०.४५ मिलिग्रॅम, महिन्याला साडेतेरा मिलिग्रॅम. ते ५५ लिटरमध्ये वाटलं तर जवळपास ०.२५ पीपीएम, म्हणजे आजारी माशांना देतात त्या औषधाच्याही वर. यातला बराच भाग दगड आणि वाळू ओढून घेतात म्हणून पाण्यात एवढा दिसणार नाही, पण गोगलगाय सरपटते ती त्या दगडावर आणि वाळूवरच. त्यात माझे कॅन संपल्यावर वॉटर चेंजचं मीठही मेव्हणा याच पाण्यात कालवत होता, म्हणजे पाणी बदलूनही सुटका नव्हती. आणि फेब्रुवारी संपता संपता उकाडा वाढला, टँक ३० च्या वर जायला लागला म्हणून त्याने वर क्लिपचा पंखा लावला, पंख्याने तापमान छान २-३ अंश उतरलं आणि बाष्पीभवन वाढलं, म्हणजे टॉप-अप वाढला, म्हणजे तांबंही वाढलं. दुसऱ्या खेपेच्या गोगलगायी पहिल्यांपेक्षा लवकर का गेल्या याचं उत्तर मला यातच दिसतं.

टीडीएस मीटरने हे कळलं असतं का? नाही. त्या पाण्याचा टीडीएस ७० च्या घरात आला, आणि मीटर फक्त पाण्यात विजेची वाट करून देणारं एकूण काहीतरी किती आहे एवढंच सांगतो, कॅल्शियम आहे का तांबं ते त्याला कळत नाही. लिटरला अर्धा मिलिग्रॅम तांबं आलं तर मीटरवरचा आकडा जेमतेम हलेल आणि गोगलगायींचा तेवढ्यात निकाल लागेल. याच कारणाने एसीच्या पाइपमधून ठिबकणारं पाणीही वापरू नका. बरेच जण ते सुचवतात, टीडीएस १०-१५ दाखवतं, फुकट मिळतं. पण ते पाणी तांब्याच्या नळ्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांवरून घरंगळून येतं, कॉइलवरची धूळ आणि सर्व्हिसिंगचं केमिकल घेऊन. झाडांना घाला.

हिशोब पटला तरी तो हिशोबच, म्हणून कॉपरची टेस्ट किट मागवली आणि तीन नमुने शेजारी शेजारी घेतले: टँकचं पाणी, किचनच्या प्युरिफायरचं पाणी, आणि माझ्या शून्य टीडीएसच्या पाण्यात नव्याने कालवलेलं मिठाचं पाणी. तिसरा नमुना महत्त्वाचा, कारण मिठातूनच काही येतंय का किंवा किटच खराब आहे का हे त्यावरून कळतं. तिसऱ्यात रंग हललाच नाही, किचनच्या पाण्यात स्पष्ट बदलला, टँकमध्ये फिकट पण बदलला. पांढऱ्या कागदावर ठेवून तिघांनी वेगवेगळं पाहिलं, तिघांचं एकच.

मेव्हण्याचा पहिला विचार टँक मोडायचा होता. गरज नव्हती. उरलेल्या तीन गोगलगायी त्याच संध्याकाळी डब्यातून माझ्या टँकमध्ये आणल्या, त्यातल्या दोन वाचल्या. मासे तिथेच ठेवले, त्यांना त्रास नव्हता. फिल्टरमध्ये कॉपर ओढून घेणारं रेझिन आणि ताजा कार्बन, आणि दर चार-पाच दिवसांनी १५ लिटर पाणी बदलायचं, माझ्या कॅनमधून. वाळू वरवरची काढून टाकली, नवी घातली, कारण सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जास्त पृष्ठभाग तिचा. दगड ठेवले. दगडात बसलेलं तांबं हळूहळू परत पाण्यात सुटतं, म्हणून पाणी स्वच्छ आलं की रेझिन काढून टाकायचं नाही, ते महिनोन् महिने चालू ठेवायचं. तीन आठवड्यांत टँकच्या पाण्यात किटवर काही दिसेना.

किट काही दाखवत नाही म्हणून लगेच गोगलगायी आणायच्या नाहीत यावर मी अडून बसलो. किटला दिसत नाही आणि गोगलगायीला लागतं असा मधला एक पट्टा असतो, आणि तो तपासायला जिवंत प्राणी सोडून बघणं मला मान्य नाही. त्यापेक्षा माझ्या फिल्टरमधल्या स्पंजचा एक तुकडा त्याच्या फिल्टरमध्ये घातला. त्यात कोपेपॉड असतात, टाचणीच्या टोकाएवढे कवचवाले जीव, खेकड्या-श्रिंपचेच लांबचे भाऊबंद, तांब्याला तितकेच नाजूक. त्यांना जगता येत असेल तर ते आपोआप वाढतात. हेही जिवंतच आहेत हे मला कळतं, पण ते स्पंजसोबत प्रत्येक टँकमध्ये जातातच आणि निम्मे माशांच्या पोटात जातात. लाइट बंद झाल्यावर तासाभराने काचेला टॉर्च लावून बघायचं, पांढरे ठिपके झटक्या-झटक्याने सरकताना दिसतात. पहिला महिना काही नाही. उन्हाळा संपत आला तेव्हा मेव्हण्याने व्हिडिओ पाठवला, मागच्या कोपऱ्यात पाच-सहा. जुलैत काच भरून.

पाण्याची कायमची सोय मात्र सगळ्यात आधी केली. किचनचा प्युरिफायर काढला नाही, कारण त्यातला पंप, गाळाचा फिल्टर, कार्बन आणि मेंब्रेन हे सगळं चांगलंच आहे. प्लंबरने मेंब्रेनमधून चांगलं पाणी बाहेर येतं तिथेच टी-जोड बसवून एक वेगळी नळी काढली, टीडीएसच्या स्क्रूच्या, मिनरलच्या आणि तांब्याच्या आधी, त्यावर छोटा कॉक, आणि त्यापुढे मिक्स्ड-बेड डीआय रेझिनची कार्ट्रिज. सोसायटीत टँकर आणि बोअरचं मिश्र पाणी येतं, टीडीएस ६०० च्या आसपास. मेंब्रेननंतर ३५, डीआयनंतर शून्य. कंपनीचा सर्व्हिसवाला याला हात लावायला तयार नव्हता, वॉरंटी जाईल म्हणाला, ते तुमचं तुम्ही ठरवा. ज्यांना मशीनला हात लावायचा नाही त्यांनी सरळ वेगळं छोटं आरओ-डीआय युनिट घ्यावं. ५५ लिटरच्या टँकला आठवड्याला १० लिटर पाणी बदलायला आणि १०-१२ लिटर टॉप-अपला, म्हणजे फक्त २०-२२ लिटर लागतं, एका कॅनचं काम आहे. आरओमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरून सासूबाई फरशी पुसायला वापरतात.

आणि टॉप-अप त्याच करतात, ते मुद्दाम बदललं नाही. मेव्हणा आणि त्याची बायको दोघं हिंजवडीत, सकाळी जातात ते रात्री येतात, मशीन लावून टॉप-अप ऑटोमॅटिक करता आला असता, पण घरात जे माणूस दिवसभर असतं आणि रोज न चुकता बघतं त्याच्याइतकी दुसरी सोय नाही. एप्रिलमध्ये ते सगळे तीन दिवस मालवणला गेले होते तेव्हा पंखा चालूच, टॉप-अप नाही, रोज दोन लिटर गेले. ५५ चे ४९ झाले की ३५ ची क्षारता ३९ च्या वर जाते, आणि तेवढीच ती मोजल्यावर आली. परत आल्यावर सगळं एकदम भरायचं नाही, दोन दिवसांत थोडं थोडं करून उतरवली. आता कोणी गावाला जाणार असेल तर शेजारच्या काकू जग ओततात, कॅनवर "फक्त माशांचं" असं मार्करने लिहिलंय, आणि घरातला तांब्याचा जग टँकच्या आसपास येत नाही.

गणपतीनंतर दोन ट्रोकस आणल्या. दुसऱ्या दिवशी काचेवर त्यांच्या वाटा दिसल्या आणि नंतरही दिसत राहिल्या. महिनाभर त्या नीट राहिल्यावर श्रिंप आणला. पंधरा-वीस दिवसांनी सासूबाईंचा फोन, आवाज पडलेला, "अहो, तो लाल-पांढरा गेला वाटतं, आडवा पडलाय." त्यांना म्हटलं दगडाच्या मागे बघा. मागे श्रिंप होता, वाळूवर पडली होती ती त्याची कात, मिशांसकट अख्खी. कात टाकतो म्हणजे खातोय आणि वाढतोय, आणि कात टाकल्यावर एक-दोन दिवस अंग मऊ असतं म्हणून लपून बसतो, त्याला शोधायला दगड हलवायचे नाहीत.

मेव्हण्याच्या बायकोला आता क्लाउनफिशसाठी अ‍ॅनिमोन (समुद्रात हे मासे ज्याच्या आसऱ्याने राहतात तो फुलासारखा प्राणी) हवा आहे. क्लाउनफिशला टँकमध्ये त्याची गरज नसते आणि अ‍ॅनिमोन जुन्या, स्थिर टँकमध्येच टिकतो, वर मेला तर एका रात्रीत ५५ लिटर पाणी नासवतो. दगडात किती तांबं उरलंय तेही अजून नक्की नाही, रेझिन चालूच आहे. म्हणून येता उन्हाळा जाऊ दे म्हटलंय. मार्चनंतर सोसायटीत टँकरच जास्त येतात, टीडीएस ९०० च्या वर जातो आणि डीआयचं रेझिन भराभर संपतं, गेल्या वर्षी दोनदा बदलावं लागलं. दुसरी कार्ट्रिज आत्ताच आणून ठेवली आहे.